स्वाभिमानाचं जोतं

बनाबाईच्या घराची मागची भिंत भादव्यात पडली, तेव्हा घराण्यात कुणालाही तिचा आवाज आला नाही. दिवाळीनंतर त्याच जागेवर तिला सरकारी घरकुल मंजूर झालं, तेव्हा मात्र आवाज थेट पुण्यापर्यंत गेला.

तो पोचवला संदीपनं. संदीप हा बनाबाईच्या मेलेल्या भावाचा मुलगा. सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर होता. कारखान्याच्या गेटासमोरच्या एसटीडी बूथमधून त्यानं पुण्याला चुलत्याला फोन लावला. ‘नाना, आत्याचं नाव घरकुलात लागलंय. तुमची सख्खी बहीण म्हणून म्हटलं, तुमाला कळावं.’ मंजुरीत बनाबाईच्या पाठोपाठ दुसरा नंबर संदीपचाच होता, आणि तिनं घर नाकारलं तर ते त्याला मिळणार होतं. हे सांगायच्या आत मीटर फार पुढं गेला, म्हणून त्यानं फोन ठेवला.

पुढच्या रविवारी बन्सीनाना सहकुटुंब वस्तीवर उतरले. जीप सरकारी होती. वाटेत एका कार्यालयाची तपासणी होती आणि ती त्यांनी जीपमधूनच केली. नाना पुण्यात उपसंचालक होते. कशाचे, ते वस्तीत कुणाला नेमकं ठाऊक नव्हतं. साहेब म्हटलं की भागत होतं. नुकतंच दसऱ्याला त्यांनी नगरला ‘कुबड्या फेका’ या विषयावर भाषण केलं होतं. समाजानं आता सवलतींची सवय सोडून स्वतःच्या पायावर उभं राहावं, असा त्याचा आशय. टाळ्या इतक्या पडल्या की भाषणाची पुस्तिका निघाली. आणि आता त्या पुस्तिकेच्या लेखकाची बहीण घरकुलाची लाभार्थी!

‘आक्का,’ नाना बाजेवर टेकत म्हणाले, ‘तू ग्रामसेवकाला लिहून दे. मला घरकुल नको म्हणून.’

‘मग मी ऱ्हाऊ कुठं?’

‘तो प्रश्न वेगळा आहे.’

बनाबाईनं मागं वळून पाहिलं. पडलेल्या भिंतीच्या जागी तिनं युरियाच्या गोण्या शिवून पडदा केला होता. त्या पडद्यातून शेजारची शेळी तोंड घालून शांतपणे चर्चा ऐकत होती.

‘हिला सांग,’ बनाबाई म्हणाली. ‘रोज येती. तिला अजून येगळं वाटंना.’

‘चेष्टा नको. आपल्या बापानं छप्पन साली काय केलं? गावकीची भाकरी सोडली. दारोदार मागून आणायची नाही म्हणाला. गावकीच्या कामाची घुंगराची काठी चुलीत घातली. मी नगरला हेच सांगितलं, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.’

‘पानी धुरानं आलं हुतं,’ बनाबाई म्हणाली. ‘काठी म्या घातली चुलीत. बा नुसता “घाल” म्हनला. ओली हुती. लई धुपली. तू झोपला हुतास.’

नानांनी हा तपशील ऐकला नाही. पुस्तिका छापून झाली होती.

‘मुद्दा हात पसरण्याचा आहे. चाळीस वर्षांनी भिमाजीची मुलगी सरकारपुढं हात पसरते!’

‘नाना म्हणतेत ते बरोबर हाय,’ संदीप कळवळून म्हणाला. ‘आजोबांचा स्वाभिमान हाय आत्या हा. घर काय, आज हाय उद्या न्हाई.’

‘तुला रं कवापासून आजा आठवाया लागला?’ बनाबाईनं विचारलं. ‘त्याच्या फोटूची काच फुटलीय, ती बसवून आन म्हनलं तर वरीस झालं.’

नानांची मुलगी वृषाली पायरीवर बसून शेंगा फोडत होती. पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करत होती, त्यामुळं घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं.

‘पप्पा, एक विचारू? क्वार्टर कुणाचं?’

‘ते पदाबरोबर असतं.’

‘कन्याकुमारीला गेलो, ते भाडं?’

‘प्रवास सवलत. नियमात आहे.’

‘आणि तुमची कवळी? वैद्यकीय बिलात मंजूर झाली ना? म्हणजे सरकारी दातांनी तुम्ही आत्याला सांगताय, सरकारचं खाऊ नको.’

शेळीनं तोंड मागं ओढून घेतलं. नानांचं तोंड मात्र उघडंच राहिलं आणि त्यातला सरकारी ऐवज क्षणभर सगळ्यांना दिसला.

‘तो कामाचा मोबदला आहे!’ ते शेवटी म्हणाले. ‘बत्तीस वर्षं नोकरी केली मी.’

‘आत्यानं बत्तीस वर्षं काय केलं मग?’

हे बाजेवर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. नगर-पुणे रस्त्याची खडी बनाबाईनं फोडली होती. मघाशी जीप आली ती त्याच रस्त्यानं.

‘बन्सी, ऐक,’ बनाबाई सावकाश म्हणाली. ‘गावकीची भाकरी आन हे एक न्हाई. भाकरी देनाऱ्याच्या मनावर हुती. शिळी देईल, वरनं टाकंल, न्हाईतर कुत्र्याला घालंल. आपुन इचारायचं न्हाई. हितं इचारता येतं. माजं नाव का न्हाई, म्हनून मी तीनदा पंचायतीत जाऊन भांडले. सरपंचाला म्हनलं, भिंत पडलीय माजी, जीभ न्हाई. भाकरीसाठी कवा भांडता आलं का आपल्याला?’

‘आज घरासाठी भांडशील, उद्या पीठगिरणीसाठी, परवा फुकट विजेसाठी. भांडायची सवय लागली की कष्टाची सुटते, आक्का. माणसाच्या कण्याला ते बरं नाही.’

यानंतर दोन्ही पक्षांनी बाबासाहेबांचा आधार घेतला. भावानं ‘स्वावलंबन’ म्हटलं, बहिणीनं ‘हक्क’ म्हटलं, आणि दोघांनीही हात एकाच तसबिरीकडं केला. तसबीर उरलेल्या तीन भिंतींपैकी सर्वांत मजबूत भिंतीवर होती. तीस-पस्तीस वर्षं दोन्ही बाजूंनी साक्षीला बोलावलं जाण्याची तिला सवय झाली होती.

शेवटी नानांनी तोडगा काढला. ‘तू आमच्याकडं पुण्याला चल. कायमची. विषय संपला.’

चुलीपाशी चहा गाळणाऱ्या नानांच्या पत्नी माधुरीकाकूंच्या हातून गाळणं निसटलं.

*

माधुरीकाकूंची या नणंदेशी तशी दुश्मनी नव्हती. लग्नात नेसवलेल्या हिरव्या पातळाचा रंग पहिल्या धुण्यात गेला आणि त्यावर एक वाक्य बोललं गेलं, एवढंच. तेव्हापासून दोघी एकमेकींशी अतिशय आदरानं वागत. पण क्वार्टरात खोल्या तीन होत्या. एकीत नाना लेखन करत, दुसरीत वृषाली मतभेद करत, आणि तिसरीत काकू या दोघांपासून विश्रांती घेत. बनाबाई आली तर ती तिसरीतच येणार होती.

काकूंनी सांडलेला चहा पुसला आणि बनाबाईला हाक मारली. ‘वन्सं, जरा आत या. साखर कुठं ठेवलीत?’

साखर समोरच होती. बनाबाई आत आली आणि तिथंच उकिडवी बसली.

‘काम का सुरू केलं नाहीत हो?’ काकूंनी हळू विचारलं. ‘मंजूर होऊन पंधरवडा झाला म्हणता ना?’

‘पैला हप्ता जोतं झाल्यावर मिळतो. पाया खनायचा, दगड बसवायचे, जोतं वर आनायचं, हे लाभार्थीनं सवताच्या कष्टानं करायचं. न्हाईतर घरच्या मानसांनी. मग इंजिनेर माप घेतो. मंगळवारी येनार हाय. माजे गुडघे तर हे असे.’

‘आणि मंगळवारी जोतं दिसलं नाही तर?’

‘तर नाव खाली सरकतं.’

‘खाली कुणाचं आहे?’

बनाबाईनं दाराबाहेर पाहिलं. बाहेर संदीप भिमाजीच्या स्वाभिमानावर बोलताना गहिवरला होता.

काकूंना सगळं एकदम कळलं. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांना इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. ‘वन्सं,’ त्या म्हणाल्या, ‘घरची माणसं म्हणजे भाऊ चालतो का?’

‘ग्रामसेवक म्हनला, कुनी बी चालतंय. घरचं पायजे.’

‘मग तुम्ही आता बाहेर जाऊन एवढंच म्हणायचं, “बन्सी, तुजं पटलं.”’

‘पन न्हाई पटलं मला.’

‘मला तरी कुठं पटतं? मी सव्वीस वर्षं म्हणतेच आहे ना?’

दोघी पहिल्यांदाच एकमेकींकडं पाहून हसल्या. हिरव्या पातळाचं प्रकरण चुलीजवळ, दुधाच्या पातेल्याच्या साक्षीनं मिटलं.

काकू कपबशा घेऊन बाहेर आल्या आणि सर्वांसमक्ष म्हणाल्या, ‘ह्यांचंच बरोबर आहे.’

नानांनी चमकून वर पाहिलं. इतक्या ठामपणे हे वाक्य त्यांनी याआधी फक्त लोकांच्या घरी ऐकलं होतं.

‘सरकारच्या तोंडाकडं कशाला बघायचं?’ काकू पुढं म्हणाल्या. ‘इतकी माणसं आहोत. घर आपणच बांधावं. भिमाजीमामंजींची मुलगी आहे ती. आत्ताच पाया खणायला घ्या. नुसतं भाषण काय, कुणीही करतं.’

‘तुजं पटलं, बन्सी,’ बनाबाई खाली मान घालून म्हणाली. ‘घाल तूच.’

नानांना माघारीची वाट उरली नाही. खरं तर त्यांना ती दिसलीही नाही. ते उठले, शर्ट काढून लिंबाच्या फांदीला अडकवला आणि बनियनवर उभे राहून म्हणाले, ‘संदीप, टिकाव आण!’

संदीप पळतच गेला. घराण्यानं घर बांधलं, की आत्याचं घरकुल आपोआप मोकळं होणार होतं. आजवर कारखान्यात कुणी त्याच्याकडून इतकं मनापासून काम करून घेतलं नव्हतं.

वृषाली जवळ जाऊन आत्याच्या कानाशी कुजबुजली, ‘तू पण पप्पांच्या बाजूला गेलीस?’

‘गेले न्हाई गं,’ बनाबाई म्हणाली. ‘त्यालाच हिकडं आनतेय. दमानं.’

*

रविवारी पडक्या भिंतीमागच्या मोकळ्या जागेत पाया आखला, सोमवारी दगड बसले. सोमवारसाठी नानांनी रजा टाकली, अर्थात पगारी. मंगळवारचीही टाकली. स्वावलंबनाची सुरुवात तरी बिनपगारी नसावी.

दगड पडक्या भिंतीचेच होते. वस्तीतल्या एका गवंड्यानं दोरी धरून दिली आणि तो आपल्या कामावर गेला. जाताना म्हणाला, ‘साहेब, तुमी दगड द्या नुसते, बसवू नका.’ नानांनी तीन कोपरे संदीपला दिले. चौथा मात्र हट्टानं स्वतः घेतला. ‘एक कोपरा तरी माझ्या हातचा पाहिजे,’ ते म्हणाले. कुणी विरोध केला नाही. साहेबाला कोण सांगणार?

दुपारपर्यंत तळहाताला फोड आले. फोडांकडं बघत नाना बसले होते, तेव्हा त्यांना उगाच तो पेढ्याचा बॉक्स आठवला. उपसंचालक झाले त्या दिवशी त्यांनी कार्यालयात पेढे वाटले होते. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि हसून म्हणाले होते, ‘तुमचं काय साहेब, तुमचं होणारच होतं.’ एवढंच. रात्ररात्र जागून दिलेल्या खात्याच्या परीक्षा, कंदिलानं काळवंडलेलं वसतिगृहाचं छत, सगळं त्या एका पेढ्याबरोबर गृहस्थांनी गिळून टाकलं. त्यानंतर नानांनी जिथं जिथं भाषण केलं, ते खरं म्हणजे त्या गृहस्थांना उद्देशून होतं. ते कधीच श्रोत्यांत नसत.

पण आज या दगडाबद्दल कुणी तसं म्हणू शकत नव्हतं. हा दगड होणारच नव्हता. तो उचलावा लागला होता, आणि एकदा पायावरही पडला होता.

‘आक्का,’ नाना हाक मारून म्हणाले, ‘हे बघ, याला म्हणतात हक्काचं घर.’

‘व्हय बाबा,’ बनाबाई म्हणाली. ‘पानी पी जरा.’

*

मंगळवारी सकाळी फटफटीवर इंजिनिअर आला. कोवळा पोरगा होता, गळ्यात कॅमेरा, खांद्याला मापाची टेप. आल्या आल्या जोतं पाहून तो खूश झाला.

‘वा! आजी, सात गावं फिरलो, पहिलं जोतं तुमचं बघतोय. बनाबाई तुम्हीच ना?’

नाना चिखलाच्या हातांनी पुढं आले. ‘काय पाहिजे?’

‘मामा, जरा बाजूला सरका. माप घ्यायचंय.’

त्यांना ‘मामा, सरका’ म्हणून बत्तीस वर्षांत कुणी सरकवलं नव्हतं. ते इतके चकित झाले की सरकले.

‘कसलं माप?’

‘घरकुलाचं,’ वृषाली गोड आवाजात म्हणाली. ‘पप्पा, अट अशी आहे की जोतं लाभार्थीनं किंवा तिच्या घरच्यांनी स्वतःच्या श्रमानं घालायचं. मग हप्ता.’

नाना बहिणीकडं बघत राहिले. बनाबाई गोण्यांचा पडदा नीट करण्यात गढून गेली होती. मग ते बायकोकडं वळले.

‘म्हणजे दोन दिवस मी सरकारी योजनेचं काम करत होतो?’

‘बत्तीस वर्षं करताय की,’ काकू म्हणाल्या. ‘डोळ्यांना दिसलं ते हे पहिलंच.’

नानांचा चेहरा लाल झाला. आता ते बोलणार, ‘हे जोतं आमचं आहे, तुमची योजना घेऊन जा,’ असं म्हणणार, हे सर्वांना दिसलं. बनाबाईचा पडद्यावरचा हात थांबला. संदीपचे कान उभे राहिले. नानांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात इंजिनिअर चौथ्या कोपऱ्यापाशी वाकून म्हणाला, ‘अरेरे!’

‘काय झालं?’

‘हा कोपरा बसलाय. उंची कमी भरते. कुणी घातला हो?’

सगळे शेळीकडं बघू लागले. वस्तीवर मोठ्यांचा मान राखायची पद्धत होती.

‘बाकीचं झकास आहे, पण मला नापास लिहावं लागेल. पुढचं नाव बघू. आजी, वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या साली परत अर्ज करा.’ त्यानं खिशातून पेन काढलं.

बनाबाई खाली बसली. सरपंचाशी तीनदा भांडलेली बाई आज भांडली नाही, कारण समोरचा कोपरा तिच्या भावाचा होता.

‘थांबा,’ नाना म्हणाले.

‘मामा, मला आणखी तीन गावं आहेत.’

‘थांबा म्हणतो ना! एका कोपऱ्यावरनं नापास? चारी बाजू मोजा, सरासरी काढा. उतारावरच्या जागेला सरासरीच धरतात.’

‘हो, पण...’

‘पण काय? ह्या बाजूला वर भरलंय ते का सोडता? तिथली टेप परत लावा. ढिली धरली होती तुम्ही. मी बघत होतो. आन लिहिताना पुरं लिहा!’ नानांचं पुणेरी मराठी हा हा म्हणता गावच्या वाटेला लागलं. ‘आमी खनलंय ते! दोन दीस! पायावर धोंडा पडलाय माझ्या! असं कसं नापास करता? हक्काचं हाय ते तिच्या!’

वस्तीवरच्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. वृषालीनं शेंग फोडायची थांबवली.

इंजिनिअरनं निमूटपणे टेप परत लावली, चारी आकडे हातावर लिहिले, बेरीज केली, भागाकारात अडला. नानांनी तोंडानं सांगितला. सरासरी भरली.

‘पास आहे,’ पोरगा म्हणाला. मग बनियनवरच्या त्या चिखलानं माखलेल्या माणसाकडं त्यानं नीट पाहिलं. ‘मामा, तुम्ही कोण?’

लिंबाखाली सरकारी जीप उभी होती. एक वाक्य बोललं असतं, तर पोरानं सलाम ठोकला असता.

‘मी हिच्याकडं मजूर आहे,’ नाना म्हणाले.

‘मजूर? मग सरासरी कुठं शिकलात?’

नानांनी कवळी जिभेनं जागेवर बसवली.

‘सरकारनं शिकवली,’ ते म्हणाले. ‘फुकट.’

बनाबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, ते पदरालाच माहीत. ‘बघ,’ ती म्हणाली, ‘भांडलास.’

‘भांडलो नाही. नियम सांगितला.’

‘तेच ते.’

इंजिनिअरनं यादीतलं पुढचं नाव पुकारलं, तसा संदीप पुढं झाला. ‘पुढचं नाव तुमचं दिसतं. तुमचं पुढच्या खेपेला लागेल. काही म्हणणं?’

संदीपनं एकदा आत्याकडं, एकदा जोत्याकडं आणि एकदा नानांच्या फोडांकडं पाहिलं. दोन दिवसांचे सगळे कष्ट वाया गेले होते. पण वाया गेलेल्यातूनही काही काढता आलं, तर तो भिमाजीचा नातू.

‘काई न्हाई साहेब. आत्याचं हू द्या. माझं जोतं घालायला बी नाना येनार हायेत.’

‘मी?’ नाना म्हणाले.

‘रजा शिल्लक असेलच तुमची,’ काकू म्हणाल्या.

फोटो काढायचा होता. लाभार्थी मध्यभागी, घरची माणसं आजूबाजूला, जोतं पूर्ण दिसलं पाहिजे, असा नियम. बनाबाई गुडघे धरत जोत्यावर चढली आणि घराच्या बरोबर मधे उभी राहिली. एका बाजूला काकू आणि वृषाली, दुसऱ्या बाजूला संदीप. शेळी आपोआप आली.

‘मामा, तुम्ही पण या,’ इंजिनिअर म्हणाला. ‘मजूर असले तरी घरचेच आहात ना? शर्ट घाला पाहिजे तर.’

नानांनी लिंबावरच्या शर्टाकडं पाहिलं. खिशाला पेन होतं, पेनावर खात्याचं नाव होतं. शर्ट त्यांनी तिथंच राहू दिला.

‘असे कडेला का? मधे या, आजींजवळ.’

‘नको,’ नाना म्हणाले. ‘मी इथंच बरा.’

ते आपल्या चौथ्या कोपऱ्यापाशी जाऊन उभे राहिले, आणि बसका दगड फोटोत दिसू नये म्हणून दोन्ही पाय त्याच्यापुढं जोडून घेतले.